अस्तराचा कागद

चुकीच्या रांगेत उभं राहून कुणाचं भलं झालेलं ऐकिवात आहे का? रॉकेलच्या रांगेत उभं राहिलं, तर साखर मिळत नाही. पण बेबीनंदाच्या आयुष्यातली सगळ्यात गोड गोष्ट सुरू झाली ती चुकीच्या रांगेतच. एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा जून होता, जालना होतं, आणि ज्यानं तिला त्या रांगेत धाडलं होतं, त्याचा तिला धड राग करता आला नाही... ना त्या दिवशी, ना पुढे कधी.

आष्टीहून ती आईला, चांगुणाबाईला, घेऊन आली होती. वय एकवीस. तेराव्या वर्षी सातवी पास, सोळाव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी परत माहेरी. नवऱ्यानं दुसरी आणून बसवली आणि हिला परतूरच्या गाडीत बसवून दिलं. पंचांसमोर काडीमोड झाली. तेव्हापासून मायलेकी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होत्या. गावच्या विहारात एका गुरुजींनी जाहिरात वाचून दाखवली — जालन्याला महिला मंडळात बायकांसाठी दोन वर्षांत मॅट्रिक, राहणं-जेवण-पुस्तकं सगळं फुकट, जागा पंचवीस. बेबीनंदानं त्याच क्षणी ठरवलं. मॅट्रिक झालं की नर्सचं शिक्षण मिळतं, आणि नर्सला कुणी गाडीत बसवून परत पाठवत नाही!

मंडळाच्या फाटकातच एक माणूस डोक्यावर पुस्तकांचा गठ्ठा घेऊन समोर आला. काळासावळा, उंच, बोटांना निळसर डाग.

"अहो, नाव नोंदवायची खोली कुठली?" तिनं विचारलं.

"ती डावीकडची. लिवलंय न्हाई का बोर्डावर!" तो असा ठसक्यात म्हणाला की बेबीनंदा ओशाळली आणि मुकाट्यानं डावीकडच्या रांगेत जाऊन उभी राहिली. दोन तास. ऊन डोक्यावर आलं. टेबलापाशी पोचली, तेव्हा समोरच्या बाईनं विचारलं, "मशीन कुठली चालवता येते?"

तिनं मान वर केली. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं — शिवणकाम वर्ग.

उजवीकडच्या खोलीत उषाबाई रजिस्टर मिटत होत्या. उषाबाई म्हणजे मंडळाच्या प्रमुख — पांढरं पातळ, जाड चष्मा, आवाजाला धार. चोवीस नावं झाली होती, पंचविसावी जागा त्यांनी कुणासाठी तरी राखून ठेवली होती.

"बारापर्यंत यायचं होतं. आता किती वाजले?"

बेबीनंदानं डावीकडच्या दाराकडे हात दाखवला. इतक्यात मागून आवाज आला, "बाई, माझी चूक हाय. त्या सकाळधरनंच आल्यात. म्याच त्यांना तिकडं धाडलं."

"तातेराव, तुला बोर्ड दिसला नाही?"

"घाईत व्हतो, बाई." तो हसला. गठ्ठा उतरवून रिकामा झाला होता, तरी मान गठ्ठ्याखाली असल्यासारखीच वाकलेली.

उषाबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा चांगुणाबाईच्या फाटक्या लुगड्याकडे, आणि रजिस्टर पुन्हा उघडलं. पंचविसावं नाव — बेबीनंदा. नाव लिहिता लिहिता त्यांनी ताकीदही दिली. "इथं शिकायला यायचं. बाहेरच्या माणसाशी गुलुगुलु बोलताना दिसलीस, तर हेच नाव कापीन. मंडळाला नावं ठेवायला सगळं गाव टपलेलं आहे, समजलं?"

बेबीनंदाला समजलं. सगळं समजूनही जे व्हायचं ते होतंच, त्याला उषाबाईंची लेखणी तरी काय करणार?

मंडळाला मिळालेली पाठ्यपुस्तकं जुनी होती. काहींचे पुठ्ठे गेलेले, काहींची पानं सुटलेली. गावातल्या पुस्तकबांधणीच्या दुकानात काम करणारा तातेराव ती नेई, आणि शनिवारी दुपारी बांधून आणून देई. व्हरांड्यात एक लांब टेबल होतं. पुस्तकं मोजून घ्यायचं काम उषाबाईंनी बेबीनंदाला दिलं, कारण ती हिशोबाला पक्की. पंचवीस बायकांत तेवढी एकच गोष्ट तिला पहिल्या दिवसापासून नीट येत होती.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ती एक पुस्तक हातात धरून त्याची वाटच बघत होती.

"तातेराव, हे तुम्ही बांधलं?"

"व्हय. का, उसवलं?" तो घाबरलाच. "माझं बांधलेलं उसवत न्हाई!"

"उसवलं नाही. ऐका..." तिनं गंभीर तोंड करून वाचायला सुरुवात केली. "'महाराजांनी तोरणा किल्ला घेतला आणि तिथे...' आता समोरचं पान हं... 'तिथे कापसाला काळी जमीन मानवते. पाऊस मध्यम लागतो.'"

आतल्या वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. तातेराव हसला नाही. त्यानं पुस्तक हातात घेतलं, पान मागं केलं, पुढं केलं. "वाऱ्यानं दोन पुस्तकांची पानं उडाल्ती. पन नंबर बराबर लावल्ते म्या. बत्तीस, तेहतीस, चौतीस... बराबर हायत की."

नंबर बरोबरच होते. दोन्ही पुस्तकांना बत्तीस नंबरचं पान होतं आणि तेहतीसही. तिला एकदम उमगलं आणि हसू ओठावरच राहिलं.

"तातेराव... आकडे येतात तुम्हाला. आणि अक्षरं?"

तो खाली बघत राहिला. टेबलावर निळा डाग पडला होता, तो बोटानं पुसत राहिला.

"सात वर्साचा व्हतो, माय गेली. बांधणीवाल्या उस्तादांनी दुकानात ठिवून घेतलं. तवापासून दिवसभर पुस्तकंच हातात. हजारो बांधली असतील. सगळी अक्षरं तोंडओळखीची हायत, बाई. पन एक बी बोलत न्हाई माझ्यासंगं."

"मग त्या दिवशी... बोर्ड?"

"त्या दिवशी बी तसंच."

"आणि मलाच दटावलंत! 'लिवलंय न्हाई का बोर्डावर' म्हणून!"

"दटावल्याबिगर लोकांला खरं वाटत न्हाई," तो म्हणाला, आणि मग दोघंही हसले. ती पदर तोंडाला लावून, तो मान खाली घालून. तिला वाचता येत असून तिनं वाचलं नव्हतं, आणि त्याला येत नसून त्यानं सांगितलं होतं. फिट्टंफाट झाली होती.

पुढच्या शनिवारी तिनं विषय काढला. नगरपालिकेच्या शाळेत संध्याकाळी सहा वाजता मोठ्या माणसांचा वर्ग भरत होता, फी काही नाही, पाटी-पेन्सिलही तिथेच, नावनोंदणी रविवारी.

"सत्तावीस वर्साचा घोडा, अ अननसाचा म्हणू?"

"मी दोन तास चुकीच्या रांगेत उभी राहिले. आता तुम्ही एकदा बरोबर रांगेत उभे राहा."

त्यानं मान डोलावली. रविवारी मंडळाच्या बायकांना बाजारात जायची मुभा असे. बायका भाजी घेत होत्या तेवढ्या वेळात बेबीनंदा शाळेच्या दारात जाऊन थांबली. तो आला. नवा सदरा घातलेला, केसांना तेल. जणू नाव नोंदवायला नाही, मुलगी बघायला आला होता. फॉर्म तिनंच भरला. नाव, वय, धंदा — पुस्तकबांधणी. गुरुजींनी शाईचा डबा पुढं केला. तातेरावनं अंगठा टेकवला.

"हा शेवटचा अंगठा," गुरुजी म्हणाले. "पुढच्या खेपेला सही."

बाहेर पडताना तो म्हणाला, "बाई, धा डोंगर चढलो असतो तरी छाती एवढी धडधडली नसती." तिची छाती का धडधडत होती, हे मात्र तिनं सांगितलं नाही.

त्यानंतरचे शनिवार असे गेले की त्यांची गोष्ट सांगताना आपल्यालाच वाटावं, इथंच थांबावं. पुस्तकांच्या कडा कापल्या की कागदाच्या लांबच लांब पट्ट्या उरतात. बांधणीवाला कागदाचा कपटा फेकत नाही. तातेराव त्या पट्ट्यांवर आठवड्यात शिकलेलं लिहून आणी आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यात खोचून तिच्यापुढे सरकवी. सुई. दोरा. खळ. पुठ्ठा. ती पुस्तकं मोजल्यासारखं करत पेन्सिलीनं दुरुस्त करी आणि पट्टी परत खोचून देई. उषाबाई दारातून बघत, त्यांना दोन डोकी आणि मधे पुस्तकांचा ढीग एवढंच दिसे.

तोही तिला शिकवत होता. मैद्याची खळ कशी शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद का घालायचा. "उंदीर तोंड लावत न्हाई, वाळवी लागत न्हाई," तो निळी बोटं दाखवी. एकदा तिनं पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कोऱ्या कागदावर हात फिरवला.

"याला काय म्हणतात?"

"अस्तर. आतला दोरा, गाठी, चिंध्या — समदं झाकतं ते. पुस्तक किती का फाटकं असंना, अस्तर लावलं की अब्रूदार दिसतं."

"माणसाला लावता येतं का?"

"माणसाला?" त्यानं तिच्याकडे पाहिलं, इतकं सरळ पहिल्यांदाच. "तुमाला कशाला पाह्यजे अस्तर? तुमचं काय फाटलंय?"

टाकलेली बाई म्हणून चार वर्षं ऐकलेलं सगळं एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. तिनं पुस्तकं चुकीची मोजली. त्या दिवशी पहिल्यांदा.

पावसाळ्यातल्या एका शनिवारी पट्टीवर चारच अक्षरं होती. बे — बी — नं — दा. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, व्हरांड्याच्या पत्र्यावर नुसता कल्लोळ. तिनं पेन्सिल उचलली... आणि ठेवून दिली. दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. ती पट्टी तिनं परत दिली नाही.

परीक्षा मार्चात. जानेवारीत आई भेटायला आली. येताना गुळाची भेली आणि एक निरोप घेऊन आली. धर्मराज म्हणून मुलगा आहे, मलेरिया खात्यात, पहिली बायको बाळंतपणात गेली. माणूस चांगला, दारू नाही, काडीमोड झालेली चालेल म्हणतो.

"आई, निकालापर्यंत थांब."

"लोकं थांबत न्हाईत बाय. आपल्यासारख्याला तर बिलकुल न्हाई."

"निकालापर्यंत," तिनं हट्टानं सांगितलं. निकालापर्यंत कशाला, हे तिचं तिला पुरतं माहीत होतं.

पुढच्या शनिवारी तातेराव पुस्तकं ठेवून गेला नाही. घुटमळत राहिला. "बाई... एक सांगायचं व्हतं."

दारात उषाबाईंची सावली हलली. बेबीनंदा खालच्या आवाजात म्हणाली, "तोंडानं नको. लिहून द्या. तुमच्या हातानं हं. उस्तादांकडून लिहून आणलंत, तर मी वाचणार नाही."

"मला जोडाक्षरं येत न्हाईत अजून."

"मग जोडाक्षराशिवाय लिहा."

"त्यात एक येतंच," तो म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

कुठला शब्द ते तिला कळायला क्षणभर लागला. कळला, तेव्हा तिच्या हातातली पुस्तकं टेबलावर धाडदिशी पडली. उषाबाई बाहेर आल्या. "काय झालं?" काही नाही, बाई. हात निसटला.

"येळ लागंल," तो जाता जाता पुटपुटला.

"निकालापर्यंत वेळ आहे," तीही पुटपुटली.

जूनमध्ये निकाल लागला. मंडळाच्या पंचवीसपैकी अकरा जणी पास, आणि बेबीनंदा पहिल्या वर्गात. औरंगाबादला नर्सच्या शिक्षणाला तिची निवड झाली. उषाबाईंनी — त्या उषाबाईंनी! — तिला सगळ्यांसमोर जवळ घेतलं आणि स्वतःचा इंग्रजी-मराठी शब्दकोश बक्षीस दिला. पुठ्ठा गेलेला, पाठ उसवलेला. "तातेरावकडून बांधून घे," त्या म्हणाल्या.

त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. "आठ दिवसांनी आणतो."

"मी आठ दिवसांनीच जाणार आहे. आई येईल न्यायला." तिला त्याच्या डोळ्यांत बघवेना. "त्या दिवशी शेवटचं. काही द्यायचं असलं तर..."

"देतो की," तो म्हणाला. "समदं देतो."

ते आठ दिवस तिनं कसे काढले, हे ज्यानं कधी कुणाच्या पत्राची वाट पाहिली आहे त्याला सांगायला नको. आठव्या दिवशी आई सकाळीच येऊन बसली, वळकटी बांधून झाली, परतूरच्या गाडीची वेळ होत आली. तेव्हा कुठे तातेराव फाटकातून आला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. त्यानं शब्दकोश तिच्या हातात दिला. लाल कापडाची पाठ, कडा तासून गुळगुळीत केलेल्या. इतकं देखणं पुस्तक त्यानं दोन वर्षांत बांधलं नव्हतं.

"पक्कं आहे ना?" काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं.

"काय करू," तो कसंनुसं म्हणाला. "पक्कंच झालं."

तिनं पहिलं पान उघडलं. कोरं. शेवटचं उघडलं. तेही कोरं. तिनं मान वर केली. तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"काही... राहिलं का द्यायचं?"

आई शेजारीच उभी होती, वळकटी काखेत मारून. तातेरावचे ओठ हलले. मग तो म्हणाला, "न्हाई. समदं दिलं, बाई."

गाडीत तिनं शब्दकोशाचं एकेक पान उलटून पाहिलं. उलटा धरून झटकलासुद्धा. एक चिठोरं पडलं नाही. समोरच्या बाकावरची बाई बघायला लागली, तेव्हा तिनं पुस्तक मिटलं. इतकंच की, त्याला नव्हतं लिहायचं. नवा सदरा, पट्ट्या, लाल झालेले कान... आपणच मनाचे मांडे खाल्ले. टाकलेल्या बाईनं एवढं मोठं स्वप्न बघायचंच कशाला? परतूर यायच्या आत ती आईला म्हणाली, "त्या धर्मराजांना हो म्हणून कळव. शिक्षण झाल्यावर करू म्हणावं." आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. आईला वाटलं, लेक लाजली.

शिक्षणाची दोन वर्षं तो शब्दकोश तिच्या उशाशी होता. इंग्रजी पुस्तकातली रोगांची नावं, हाडांची नावं, औषधांची नावं — दिवसातून पन्नास वेळा तो उघडला, मिटला, पडला, आपटला. मैत्रिणींची नवीकोरी पुस्तकं खिळखिळी झाली. याचा एक टाका ढिला झाला नाही. कधी कधी तिला त्याचा रागच येई. ज्याला दोन ओळी लिहिता आल्या नाहीत, त्यानं पुस्तक तरी एवढं मन लावून का बांधावं?

अठ्ठ्याहत्तर साली लग्न झालं. धर्मराज खरोखरच चांगला माणूस निघाला. बायकोचा पगार बायकोच्या हातात ठेवणारा, तिच्या ड्यूटीच्या दिवशी स्वतः भाकरी थापणारा. राजूरला तिला नेमणूक मिळाली. जालना तिथून एस.टी.नं तासाभरावर. ती कधी गेली नाही. जायचं कशाला?

दवाखान्याच्या खोलीत स्टोव्ह होता. त्यावर रोज सकाळी इंजेक्शनच्या सुया उकळायच्या. वरच्या फळीवर औषधांच्या बाटल्या आणि शब्दकोश. एकोणऐंशीच्या चतुर्थीला राजूरच्या गणपतीला आलेल्या माणसांची दवाखान्यात रीघ लागली होती. कुणाला उलटी, कुणाला चक्कर. दुपारी जरा उसंत मिळाली, तेव्हा तिनं फळी पुसायला घेतली. शब्दकोश उचलला, तर शेवटच्या पुठ्ठ्याचं अस्तर कोपऱ्याशी सुटलेलं. वर्षभराच्या वाफेनं खळ हरली होती. उंदरांनी तोंड लावलं नव्हतं, वाळवी लागली नव्हती, पण वाफेवर मोरचूद काय करणार?

ती डिंक शोधायला वळली आणि थबकली. सुटलेल्या कोपऱ्याच्या आतल्या बाजूला शाई होती.

तिनं दार लोटून घेतलं. कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवला, आणि जखमेवरची पट्टी सोडवावी तसा कागद कणाकणानं सोडवला. आतून अक्षरं निघाली. मोठी, वाकडी, एक ओळ चढावर तर एक उतारावर.

*बेबीनंदा बाई, जयभीम. मी तातेराव. हे माझे पहिले पत्र आहे. तुमी नर्स व्हा. मी थांबतो. दोन साल तीन साल किती पण. माझ्यासंगे लग्न करता का. नाही म्हटले तरी पुस्तक वापरा. मजबूत आहे.*

'लग्न' हा शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला होता. तिसऱ्यांदा बरोबर आला होता.

ती स्टोव्हशेजारी खाली बसली. तीन वर्षं हे पत्र तिच्याजवळच होतं. रोज तिचा हात यावरून फिरला होता. गाडीत तिनं पुस्तक झटकलं, तेव्हाही हे तिच्या हातातच होतं... आणि परतूर यायच्या आत तिनं हो म्हटलं होतं, दुसऱ्याला. ती तोंडात पदर कोंबून रडली, बाहेर पेशंट बसले होते म्हणून.

संध्याकाळी धर्मराजनं विचारलं, "डोळे का लाल?"

"वाफ गेली," ती म्हणाली. त्यानं थंड पाण्याचा तांब्या आणून दिला. तिला त्या तांब्याचंही वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात औषधांचा साठा आणायला तिला जालन्याला जावं लागलं. शब्दकोश पिशवीत होता.

दुकान होतं तिथंच होतं. आत उस्ताद बाजेवर पडलेले, दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. आणि शेजारी बसून तातेराव त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होता. घडघडा नाही, पण अडखळतही नाही. उस्ताद मधेच म्हणाले, "जरा जल्दी पढ, बेटा. तू तो बैलगाडी हाँकता है."

त्यानं वर पाहिलं. वाचायचं थांबला.

"या, बाई." इतकंच. नजर तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांवर गेली आणि लगेच बाजूला झाली. "घरचे... काय करतात?"

"मलेरिया खात्यात आहेत. चांगले आहेत."

"चांगले असले म्हंजी झालं." त्यानं बाकावरचे कागद उचलून तिला जागा केली. "म्या सातवी पास झालो. आता मॅट्रिकचा बाहेरून बसायचा फॉर्म भरलाय. सोताच भरला. बराबर रांगेत उभा राहून."

तिला हसू आलं, आणि हसताना डोळे भरले. तिनं पिशवीतून शब्दकोश काढून पुढं ठेवला.

त्याचा अंगठा अस्तरावरून फिरला आणि सुटलेल्या कडेवर थांबला.

"उसवलं?"

"वाफेनं."

"तरीच." त्यानं ती कड नखानं हळूच उचलली. "वाचलं?"

"वाचलं. तीन वर्षांनी." तिनं अस्तर उलटून त्याच्यापुढे धरलं. "उलटं का चिकटवलं, तातेराव? मी सगळी पानं बघितली. उलटं का चिकटवलं?"

"सुलटंच लावणार व्हतो. पुठ्ठा उघडला की तुमाला दिसावं म्हणून. पन खळ लावली आन् बघितलं... अशी वाकडी अक्षरं. तुमी फस्ट क्लास. त्या मोठ्या डिक्शनरीला हे असलं अस्तर? लाज वाटली. उलटं क्येलं."

"मग मी विचारलं तेव्हा तरी बोलायचं!"

"तुमची माय उभी व्हती." तो सुईत दोरा ओवायला लागला. ओवला जाईना. "आन् मला वाटलं, म्हैना-दोन म्हैन्यांत उसवंल, मंग घावंलच तुमाला. त्यासाठी कच्चं बांधायला बसल्तो, बाई. दोरा एकेरी घेतला. मोरचूद टाकायचा न्हाई म्हणलं, उंदरांनी खाऊ दे. तीन रोज बसलो. पन हात... हात ऐकंना. एकेरीचा दुहेरी कवा झाला कळलं न्हाई. मोरचूद बी पडला." त्यानं सुई खाली ठेवली. "उस्तादांनी समदं शिकवलं. कच्चं बांधायचं तेवढं शिकवलं न्हाई."

बाजेवर उस्ताद पडून होते. डोळे गेले होते, कान शाबूत होते. त्यांनी हळूच कूस भिंतीकडे वळवली.

बेबीनंदानं त्याच्या खिशातलं पेन मागून घेतलं. पत्राखाली बोटभर जागा उरली होती. तिथं तिनं एक ओळ लिहिली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला, शनिवारी सरकवायची तसा. त्यानं शब्दाखाली बोट धरून वाचलं. *पत्र मिळाले. मी हो म्हणाले असते.*

त्यानं पुन्हा एकदा वाचलं. मग सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं.

"आता कसं बांधू?"

"पक्कं," ती म्हणाली. "कधी उसवणार नाही असं."

त्यानं खळ घेतली. मोरचूद घातला. कागद उलटा केला, अक्षरं आत, आणि मधोमधपासून कडेपर्यंत तळहातानं दाबत नेला. एक सुरकुती पडू दिली नाही.

"रातभर दाबाखाली ठिवायला पाह्यजे. उद्याच्याला न्या."

"उद्या मला येता यायचं नाही."

तो समजला. पुस्तक जुन्या कागदात गुंडाळून त्यानं तिच्या हातात दिलं. "मंग मांडीवर धरा. दोन्ही हातांनी दाबून. घर येईस्तोर हात उचलू नगा, न्हाईतर फुगा यील."

चारच्या एस.टी.त तिला खिडकीशी जागा मिळाली. तिनं शब्दकोश मांडीवर घेतला आणि दोन्ही तळवे त्यावर दाबून धरले. पदर वाऱ्यानं डोक्यावरून घसरला, तिनं सावरला नाही. डोळे वाहत होते, तेही पुसले नाहीत. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "बाई, लई मोलाचं हाय का काय त्यात?"

"नाही," बेबीनंदा म्हणाली. "ओलं आहे अजून."

राजूरच्या गणपतीचं शिखर दिसलं, तेव्हा थांब्यावर सायकल घेऊन उभा असलेला धर्मराजही दिसला. खळ वाळली होती. तिनं हात उचलले, डोळे पुसले आणि उतरायला उठली.